भुकटी लोखंडाला का चिकटते?

मंडळी, थंडीच्या दिवसांत कोरड्या केसांतून प्लॅस्टिकची फणी फिरवा. ती कागदाच्या बारीक कपट्यांजवळ धरा. कपटे टुणकन उडून फणीला चिकटतात. डिंक नाही, खळ नाही. मग चिकटवलं कुणी?

विजेच्या भारानं. घासल्यामुळे फणीवर भार साठतो. हा भार दोन जातींचा, धन आणि ऋण. एका जातीचे भार एकमेकांना ढकलतात, वेगळ्या जातीचे ओढतात. (भाऊबंदकीसारखंच म्हणा ना!) फ्रान्समधल्या कुलोम यांनी १७८५ साली हा जोर मोजला. अंतर दुप्पट केले, की जोर चौथाईच उरतो.

भोसरी-चाकणच्या कारखान्यांत ही ओढ कामाला जुंपली आहे. गाड्यांच्या सुट्या भागांना तिथे पिठासारखा कोरडा रंग देतात. फवाऱ्यातून निघताना त्या भुकटीला भार मिळतो. लोखंडी भाग आकड्याला टांगलेला असतो, आणि आकडा जमिनीशी जोडलेला. यालाच अर्थिंग म्हणतात. भुकटी जवळ येताच जमिनीतून त्या भागात उलट जातीचा भार येतो. मग भुकटी पाठीमागेसुद्धा जाऊन बसते! पुढे भट्टीत ती वितळून पक्की होते.

पण आकड्यावर जुना रंग साचला, की जमिनीची वाट तुटते. भुकटी नीट बसत नाही, ते एक वेळ परवडलं. साठलेला भार ठिणगी होऊन उडी मारतो, आणि हवेत भुकटी दाट असली तर भडका उडतो. म्हणून आकडे वरचेवर साफ करायचे. खालचं लोखंड उघडं पडलं, की वाट पुन्हा मोकळी.