दादा, तुमचा नंबर द्या ना

आजचा एपिसोड नेहमीपेक्षा वेगळा आहे. आज कोडिंग नाही, इंटरव्ह्यू टिप्स नाहीत. आज माझी एक चूक सांगणार आहे. दोन वर्षं झाली, पण ती मी नीट कोणाला सांगितली नव्हती. तुमच्यापैकी बरेच जण शनिवार-रविवार कुठेतरी व्हॉलंटियर म्हणून जाता, किंवा जायचं म्हणताय. त्यांनी हा एपिसोड शेवटपर्यंत ऐका.

सुरुवातीलाच एक गोष्ट. या गोष्टीतल्या मुलाचं नाव मी सांगणार नाही. त्याची इयत्ता, घरचे तपशील, वस्ती, सगळं थोडं थोडं बदललंय. संस्थेचंही नाव घेत नाही. असं का, ते पुढे कळेलच.

तर झालं असं. मी डोंबिवलीत वाढलो, बीटेक केलं, नोकरी लागली. सोमवार ते शुक्रवार लोकलला लटकून ऑफिस, नाहीतर घरून काम. शनिवारी दुपारी रिकामा वेळ असायचा. एका मित्राने सांगितलं की एका वस्तीत संस्थेची अभ्यासिका आहे आणि त्यांना गणित शिकवायला माणूस हवाय. मी गेलो. पहिल्या दिवशी वीस मुलं आणि एक फळा. मला मजा आली. ऑफिसमध्ये तीन महिने राबून एक फीचर जातं आणि कोणी ढुंकूनही बघत नाही. इथे एखाद्या पोराला अपूर्णांक कळला की त्याचा चेहरा बघण्यासारखा असतो.

त्या वीसमध्ये एक मुलगा होता. हुशार, जरा गप्प. दुसऱ्या महिन्यात तो म्हणाला, "दादा, तुमचा नंबर द्या ना. गणित अडलं तर विचारीन." मी दिला. त्यात काय एवढं, असं वाटलं.

संस्थेत एक सोशल वर्कर ताई होत्या, एमएसडब्ल्यू झालेल्या, बारा-पंधरा वर्षं या कामात. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "मुलांना पर्सनल नंबर द्यायचा नाही. काही असेल तर ऑफिसच्या फोनवर." मी मान हलवली होती. मनात म्हटलं, असतात असे नियम, कागदावरचे.

मग एकेक पायरी. आधी गणिताचे फोटो यायचे. मग गुड नाइटचे मेसेज. मग माझा जुना मोबाईल मी त्याला दिला. मग एकदा त्याच्या आईचा फोन, घरभाड्याला पाचशे कमी पडतायत. पाठवले. पुढच्या महिन्यात दोन हजार. सात महिन्यांत साडेसहा हजार झाले. माझ्या पगारात ते जाणवतही नव्हते, आणि खरं सांगू का, मला भारी वाटायचं. त्याच्या वाढदिवसाला केक कापला, फोटो इन्स्टावर टाकला. खूप लाइक्स आले.

एका रात्री त्याचा मेसेज आला. वडील दारू पिऊन मारतात. परवा पट्ट्याने मारलं. आणि खाली लिहिलं होतं, "दादा, कोणाला सांगू नका. प्रॉमिस?"

मी लिहिलं, "प्रॉमिस."

मंडळी, माझी सगळ्यात मोठी चूक ती होती. नंबर, पैसे, मोबाईल, सगळं त्यानंतर येतं.

तीन आठवड्यांनी आमचं मोठं रिलीज होतं. दोन रात्री झोप नव्हती. तिसऱ्या रात्री काम संपलं, फोन सायलेंटवर टाकला आणि झोपलो. सकाळी साडेसहाला बघतो तर अकरा मिस्ड कॉल. पहिला रात्री 11.52 चा, शेवटचा सव्वाला. मी फोन लावला, तर त्याचा बंद.

आता खरं तर मी त्याच क्षणी ताईंना फोन करायला हवा होता. मला पाऊण तास लागला. कारण फोन केला असता तर सांगावं लागलं असतं की नंबर दिलाय, पैसे दिलेत, आणि मारहाणीचं मला तीन आठवडे माहीत होतं. एक मुलगा रात्रभर कुठे होता ते माहीत नाही, आणि मी वाक्यं जुळवत बसलो होतो.

ताईंनी फोनवर एक शब्दही रागावून विचारला नाही. फक्त, "शेवटचा कॉल किती वाजता? तो कुठे जाऊ शकतो?" तासाभरात तो सापडला. डोंबिवली स्टेशनवर, पुलाच्या जिन्याखाली. घरातून पळून आला होता. पहाटे रेल्वे पोलिसांनी त्याला बघितलं होतं, चहा पाजून बसवून ठेवलं होतं. काही वाईट घडलं नाही. पण रात्रभर स्टेशनवर एकट्या मुलाचं काहीही होऊ शकलं असतं, आणि त्या विचाराने आजही माझ्या पोटात गोळा येतो.

पुढचं ताईंनी केलं. बाल कल्याण समिती, वडिलांशी बोलणं, काही दिवस नातेवाइकांकडे सोय. त्या सगळ्यात माझा काही उपयोग नव्हता. एकदाच भेटलो त्याला. तो म्हणाला, "तुम्ही बोलला होतात, कोणाला सांगणार नाही." माझ्याकडे उत्तर नव्हतं. एक तर मी खोटं प्रॉमिस दिलं होतं, आणि दुसरं, ज्या रात्री त्याने हाक मारली त्या रात्री मी नव्हतो.

नंतर ताईंनी मला बसवलं. मला वाटलं, आता हाकलणार. त्या म्हणाल्या, "तू वाईट वागलास असं मी म्हणत नाही. तू त्याचा मोठा भाऊ झालास. पण मोठा भाऊ रात्री बारालाही उठतो, आणि शनिवारपुरता येत नाही. तुला ते जमणार होतं का?"

मग त्यांनी एकेक उलगडून दाखवलं. पैशांचं काय झालं? त्याच्या आईने नवऱ्याच्या मारहाणीबद्दल ताईंकडे कधी तोंड उघडलं नाही, कारण "दादांनी एवढं केलंय, त्यांच्या कानावर गेलं तर काय वाटेल." म्हणजे माझ्या साडेसहा हजारांनी त्या बाईचं तोंड बंद केलं. मोबाईलचं काय झालं? बाकीची मुलं विचारायला लागली, त्यालाच का? दोघं यायची बंद झाली होती. मला वाटलं क्रिकेटमुळे. आणि केकचा फोटो? त्याच्या वर्गातल्या मुलांनी तो बघून "गरीब कोटा" म्हणून चिडवलं होतं. त्याने मला कधी सांगितलं नाही.

घरी आल्यावर मी वाचायला लागलो. इंजिनिअर माणूस, चुकलं की डॉक्युमेंटेशन उघडतो. तर कळलं की या विषयावर लोकांनी बराच विचार करून ठेवलाय, आणि तोही इथेच, मुंबईत. भारतात सोशल वर्कचं प्रोफेशनल शिक्षण 1936 साली मुंबईतच सुरू झालं, आजची आपली टिस, म्हणजे टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस. 1997 मध्ये टिसच्याच जर्नलमध्ये भारतीय सोशल वर्कर्ससाठी एक नीतिविषयक जाहीरनामा छापून आला. गंमत बघा, डॉक्टरांना मेडिकल कमिशन आहे, वकिलांना बार कौन्सिल आहे, पण सगळ्या सोशल वर्कर्सना लागू असेल अशी कायद्याने नेमलेली परिषद आपल्याकडे नाही. म्हणजे बरंचसं त्या माणसाच्या स्वतःच्या शिस्तीवर आणि संस्थेवर सोडलंय. माझ्यासारख्या शनिवारच्या पाहुण्यावर तर कोणाचाच लगाम नाही.

आणि एक गोष्ट वाचून मी हसलो आणि रडलोही. 1098 हा नंबर तुम्ही ऐकला असेल, चाइल्डलाइन, दस नौ आठ. तो 1996 मध्ये मुंबईत सुरू झाला, टिसचा प्रकल्प म्हणून. सुरू केला जेरू बिलिमोरिया यांनी. त्या तिथे शिकवायच्या आणि रस्त्यावरच्या मुलांसोबत काम करायच्या. आणि त्यांनी काय केलं होतं? मुलांना आपला घरचा नंबर दिला होता! मुलं अडचणीत सापडली की वेळी-अवेळी त्यांच्या घरी फोन करायची.

म्हणजे जी गोष्ट मी केली, तीच त्यांनी केली होती. फरक पुढे आहे. त्यांच्या लक्षात आलं की ही गरज खरी आहे, पण ती एका बाईच्या घरच्या फोनवर भागणार नाही. म्हणून त्यांनी चोवीस तास चालणारा, फुकट लागणारा नंबर उभा केला. एक झोपला तर दुसरा जागा असेल, अशी व्यवस्था. आता तो नंबर सरकार चालवतं. मी मात्र त्या मुलाला "मी आहे ना" म्हणालो आणि फोन सायलेंटवर टाकून झोपलो.

आपल्या ऑफिसात हे आपल्याला किती नीट कळतं बघा. क्लायंटची सिस्टीम एकाच माणसाच्या भरवशावर ठेवतो का आपण? ऑन-कॉलची पाळी लावतो. सगळ्यांना सगळा अ‍ॅक्सेस देत नाही, गरजेपुरताच देतो. रात्री काही झालं तर कोणाला उठवायचं हे लिहून ठेवतो. बँकेच्या अ‍ॅपसाठी एवढं सगळं, आणि जित्याजागत्या पोरासाठी काहीच नाही.

आता एक प्रश्न तुमच्या मनात आला असेल, मलाही आला होता. हे फार कोरडं नाही का? आपल्याकडे कोणी "सर" म्हणत नाही, दादा-ताई म्हणतात. घरी गेलं की चहा पुढे येतो. तो नको म्हणायचा? हे मी ताईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "चहा पी. चहा नाकारणं म्हणजे अपमान. पण चहा पिऊन झाल्यावर तू कोण आहेस हे तुला आणि त्यांना, दोघांनाही माहीत पाहिजे."

यासाठी त्यांनी स्पेशल सेलचं उदाहरण दिलं. 1984 मध्ये टिसने मुंबई पोलीस आयुक्तालयात महिला आणि मुलांसाठी स्पेशल सेल सुरू केला. घरात मारहाण होणारी बाई पोलिसांकडे जाते, तिथेच सोशल वर्कर बसलेली असते. ती पोलीस नाही, वकील नाही, त्या बाईची बहीणही नाही. ती काय करू शकते आणि काय नाही, हे स्पष्ट असतं, म्हणूनच समोरची बाई तिच्यावर विश्वास ठेवून पुढचं ठरवू शकते. पुढे महाराष्ट्र सरकारने हे मॉडेल राज्यभर नेलं.

तर आता मी जे पाळतो ते सांगतो. भाषण नाही, माझी यादी आहे.

एक, पर्सनल नंबर नाही. संस्थेचा नंबर, आणि रात्रीसाठी 1098. हा नंबर आम्ही अभ्यासिकेच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहिलाय.

दोन, माझ्या हाताने पैसे नाहीत, वस्तू नाहीत. द्यायचंच असेल तर संस्थेला, आणि कोणाला द्यायचं ते त्यांनी ठरवायचं.

तीन, मुलांचा फोटो माझ्या फोनवर नाही. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलांची ओळख जाहीर करायला 2015 च्या बाल न्याय कायद्याने बंदी आहे, हे मला तेव्हा माहीतही नव्हतं.

चार, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. "कोणाला सांगणार नाही" असं प्रॉमिस कधीच नाही. मूल काही सांगायला लागलं की आधीच सांगायचं, "तू सांग, मी ऐकतो. पण तुझ्या जिवाला धोका असेल तर मला ताईंना सांगावं लागेल." आणि लैंगिक अत्याचाराचं काही कळलं तर 2012 च्या पॉक्सो कायद्यानुसार ते कळवणं प्रत्येकाला बंधनकारक आहे. लपवणं गुन्हा आहे. व्हॉलंटियरही त्यातून सुटत नाही.

पाच, सोडून जाणार असाल तर महिनाभर आधी मुलांना सांगा. ऑफिसला नोटीस पीरियड देतो, मग यांना का नाही?

आणि एक शेवटची गोष्ट ताईंनी शिकवली, ती मला सगळ्यात अवघड जाते. बाहेर कुठे ते मूल दिसलं, तर आपण आधी ओळख दाखवायची नाही. त्याच्यासोबत मित्र असतील. "हे कोण रे?" असं कोणी विचारलं तर त्याला काय सांगायचं हे त्याने ठरवायचं. आपलं डोंबिवली केवढंसं? रोज कोणी ना कोणी समोर येतंच.

गेल्या दिवाळीत पहाटे फडके रोडवर नेहमीसारखी गर्दी. झब्बे, साड्या, सेल्फी. गणपती मंदिराजवळ तो दिसला. तीन-चार मित्रांसोबत, नवा शर्ट, उंची वाढलेली. त्याने मला बघितलं. माझा हात वर जाणार होता, तो मी खिशात घातला. तो दोन सेकंद बघत राहिला आणि मित्रांबरोबर पुढे गेला.

वाईट वाटलं का? वाटलं. पण तो ठीक आहे, शाळेत जातोय, एवढं ताईंनी सांगितलंय. त्यापेक्षा जास्त त्या सांगत नाहीत, आणि मीही विचारत नाही.

तर मंडळी, कुठे व्हॉलंटियरिंग करत असाल तर या आठवड्यात एक काम करा. तिथल्या सोशल वर्करला विचारा, "रात्री काही झालं तर मुलांनी कोणाला फोन करायचा?" उत्तर तुमचं नाव असेल, तर त्यांच्यासोबत बसा आणि ते बदला. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. काळजी घ्या.