थंडीतला निवारा हा हक्क होय
(शहापूर व मुरबाड तालुक्यांतील बौद्ध कुटुंबांपुढे केलेले भाषण)



भूकंप आपणांस परका नाही. १९८३ साली भातसा धरणाच्या परिसराला हादरे बसले. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ रोजी, ऐन हिवाळ्यात झाला. १९९३ साली किल्लारी परिसरात हजारो माणसे पहाटेच्या झोपेत दगडमातीच्या जड भिंतींखाली गाडली गेली.

म्हणून भूकंपानंतरचा निवारा हलका असावा. बांबूचा सांगाडा, कारवीचा कुड आणि वर ताडपत्री पुरे. सांधे घट्ट बांधावेत, छप्पर ठेंगणे ठेवावे, दार वाऱ्याकडे नसावे. जमिनीतून गारठा चढतो. म्हणून ओटा उंच करून त्यावर भाताच्या पेंढ्याचा जाड थर पसरावा. दोन ताडपत्र्यांमध्ये पोकळी ठेवल्यास ऊब टिकते. चूल मात्र बाहेरच पेटवावी.

परंतु हा निवारा मिळतो कोणाला? २६ जानेवारी २००१ च्या भूकंपानंतर गुजरातेत मदतवाटपात दलितांना डावलल्याच्या तक्रारी झाल्या. घरे पडली तरी गावकूस पडत नाही, हा त्याचा अर्थ. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ चे कलम ६१ मदतीत जात, धर्म वा लिंग यांवरून भेद करण्यास मनाई करते. ते पाठ करा. यादीत आपले नाव आहे का ते पाहा. वेगळा तळ आणि वेगळे पाणी स्वीकारू नका.

आणि आपल्या विहाराच्या दाराशी कातकरी येवो, ठाकर येवो वा कुणबी येवो, जात न विचारता त्याला जागा द्या. जो हक्क आपण मागतो तो दुसऱ्यास देणे, हाच धम्म होय.

जय भीम!