दिवेलागणीला घर शोधणाऱ्या आजी

आज बचतीचं नाही, झोपेचं बोलायचं आहे. पण सुरुवात गटाच्या रजिस्टरातूनच होते.

आमच्या गटातली एक सदस्य लागोपाठ तीन सभांना आली नाही. नियमाप्रमाणे आम्ही तिला दंड लावला. चौथ्या सभेला आली ती जागरणानं डोळे सुजलेली, आणि तिनं अंतर्गत कर्ज मागितलं. कशासाठी? सासूबाईंच्या गोळ्यांसाठी. शहरातल्या नातेवाइकानं सांगितलं होतं, मेलाटोनिन द्या, झोपही येईल आणि विसरलेलंही आठवेल.

सासूबाई सत्तरीपुढच्या. दिवसभर छपरीत पेंगतात. दिवेलागण झाली की गाठोडं बांधून ‘मला घरी जायचं’ म्हणत उठतात. या घरात नांदून पन्नास वर्षं झाली, पण त्यांना हवं ते माहेरचं घर. दोनदा तर रात्री कडी काढून धानाच्या बांध्यांकडे निघाल्या. गावात कुणी म्हणालं बाहेरचं लागलं, कुणी म्हणालं डोकरी चाळे करते. खरं सांगतो, आमच्यातल्याही दोघी-तिघी तसंच बोलत होत्या.

कर्जाआधी आम्ही त्यांना गोंदियाला डॉक्टरांकडे नेलं. निदान झालं अल्झायमर. जर्मनीच्या डॉ. अलॉइस अल्झायमर यांनी १९०६ साली हा आजार पहिल्यांदा मांडला. आपल्या देशात साठीपुढच्या शंभरांतल्या सातांहून अधिक जणांना स्मृतिभ्रंश आहे असा अंदाज आहे, आणि त्यात पुरुषांपेक्षा बायांचं प्रमाण जास्त. त्यातलं मोठं कारण अल्झायमर. म्हणजे हे शहरातल्या शिकलेल्यांचं दुखणं नाही, आपल्या वाड्यातलंही आहे.

आता ते मेलाटोनिन. ते आपल्याच मेंदूत, वाटाण्याहून लहान ग्रंथीत तयार होतं. अंधार पडला की सुटतं, उजेड झाला की थांबतं. १९५८ साली अमेरिकेत आरन लर्नर यांनी गुरांच्या ग्रंथींतून ते वेगळं काढलं. ही गुंगीची गोळी नव्हे. कोतवालाची दवंडी समजा: रात्र झाली हो! अल्झायमरमध्ये मेंदूतलं दिवसरात्रीचं घड्याळच बिघडतं, मेलाटोनिनही कमी होतं. म्हणून दिवसा झोप, रात्री फेऱ्या. आणि गाढ झोपेत मेंदू आपला केरकचरा काढतो, तेही राहून जातं.

मग बाहेरून दवंडी दिली तर? डॉक्टरांनाही तसंच वाटलं. २००३ साली अमेरिकेत १५७ रुग्णांवरचा अभ्यास आला. मनगटावर यंत्र बांधून झोप मोजली. गोळी घेणाऱ्यांत आणि नुसती बिनऔषधाची गोळी घेणाऱ्यांत ठोस फरक दिसला नाही. २००८ साली नेदरलँड्सच्या वृद्धाश्रमांतला अभ्यास आला. तिथं झोप थोडी लवकर लागली, पण नुसतं मेलाटोनिन घेणाऱ्यांचं मन जास्त उदास झालं. दिवसा भरपूर उजेड दिला तेव्हा तसं झालं नाही. आठवण परत आणणारी गोळी मात्र ही नाहीच. डॉक्टरांना न विचारता घेऊ नये, कारण रक्त पातळ करणाऱ्या किंवा बीपीच्या औषधांशी तिचं जमेलच असं नाही.

उजेड तर आपल्याकडे फुकट आहे! सकाळी आजींना अंगणात उन्हात बसवायचं, दुपारची झोप थोडकी, दुपारनंतर चहा बंद. अंधारायच्या आधीच दिवे लावायचे, म्हणजे सावल्यांना त्या भीत नाहीत. ‘हेच तुमचं घर’ म्हणून वाद घालायचा नाही. माहेरची गोष्ट विचारायची, अंगणात एक फेरी मारून परत आणायचं. रात्रीचं जागणं एकाएकी वाढलं तर लघवीची जळजळ, बद्धकोष्ठ, अंगदुखी आहे का ते पाहायचं. सांगता येत नाही त्यांना. अडलं तर ज्येष्ठांसाठी १४५६७ हा मोफत क्रमांक आहे.

आजी बऱ्या झाल्या नाहीत. होणारही नाहीत. आठवड्यातून तीन-चार रात्री सून झोपते, एवढंच. कर्ज आम्ही दिलं, पण ते फाटकासाठी. दंड परत केला, त्यावर एका बाईनं नियम काढून वाद घातला, तरी केला. आता सभा तिच्याच छपरीत, सकाळी. आजी उन्हात बसून लाखोळी निवडतात आणि मधूनच आमची हजेरी घेतात. नावं मात्र त्यांच्या माहेरच्या मैत्रिणींची असतात, आणि आम्ही ‘हो’ म्हणतो.