ड्यू डेट, सीझन आणि पंक्चर



मागे एका बैठकीत आमच्या गटातल्या एका काकूंनी कर्जाच्या हप्त्याचा कागद सतरंजीवर ठेवला. त्यावर शिक्का होता, 'ओव्हरड्यू'. काकूंनी हप्ता बुडवला नव्हता. सोयाबीनचे पैसे हातात यायला आठ दिवस उशीर झाला, एवढंच. "म्हणजे मी चोर ठरले का गं?" त्यांनी विचारलं आणि आम्ही सगळ्याच गप्प. शब्द रोज कानावर पडतो, पण नीट अर्थ एकीलाही सांगता येईना. मग गटातल्या एकीच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीला शब्दकोश आणायला लावला, आणि पुढच्या दोन बैठका आम्ही वेळेच्या इंग्रजी शब्दांमागे लागलो.

'ड्यू' म्हणजे देणं लागतं ते. मूळ शब्द लॅटिन भाषेतला, फ्रेंचमधून इंग्रजीत आलेला. आपल्या पासबुकातलं 'डेबिट' हे त्याचंच भावंड. तेव्हा ड्यू डेट म्हणजे देणं चुकतं करायची तारीख, आणि ती उलटून गेली की ओव्हरड्यू. चोरीचा त्यात काही संबंध नाही. काकूंचा जीव भांड्यात पडला. दंडाचं व्याज मात्र भरावंच लागलं.

'डेडलाइन'ची गोष्ट ऐकून आमच्या अंगावर काटा आला. १८६४ साली अमेरिकेत यादवी युद्ध चालू होतं. जॉर्जिया राज्यात अँडरसनव्हिल इथे पकडलेल्या सैनिकांचा तुरुंग होता. उंच लाकडी कुंपणाच्या आत, थोडं अंतर सोडून, एक बुटका कठडा घातलेला होता. कैद्यानं तो ओलांडला की पहारेकरी गोळी घालत. ती रेषा म्हणजे डेडलाइन. पुढे वर्तमानपत्रवाल्यांनी बातमी देण्याच्या शेवटच्या वेळेला तोच शब्द लावला, आणि आज तो आपल्या फॉर्मवर येऊन बसलाय. त्यापेक्षा आपली 'मुदत' बरी. वाढवून तरी मागता येते.

मुलांच्या तोंडी 'ऑपॉर्च्युनिटी' असते, तिच्या पोटात बंदर आहे. शिडाच्या गलबताला बंदराकडे नेणारा वारा, तो अनुकूल वारा. आणि 'पंक्चुअल' म्हणजे वेळेचा पक्का, हा शब्द टोचून केलेल्या टिंबावरून आला. 'पंक्चर'ही त्याच घरातलं. बैठकीला उशिरा येणाऱ्या आमच्या एका ताईचं कारण नेहमी पंक्चरच असतं, त्यामुळे त्या दिवशी बराच वेळ हसणं चाललं.

पण आम्ही खरं अडखळलो ते 'सीझन'पाशी. लग्नाचा सीझन, आंब्याचा सीझन असं आपण सहज म्हणतो. तो शब्द निघाला पेरणीपासून! लॅटिनमध्ये आधी नुसती पेरणी, मग पेरणीची वेळ, आणि नंतर कुठल्याही कामाची योग्य वेळ. म्हणजे त्या लोकांनीही चांगली वेळ शेतात उभं राहूनच ओळखली. वाफसा आला नसताना पेरायला कोण जातं? आपला 'हंगाम' फारसीतून आला, त्याचाही अर्थ वेळच.

तेव्हा काकू म्हणाल्या, "मग आमचा ड्यू सीझन बघून का नाही ठरवत?"

प्रश्न बरोबर होता. जूनमध्ये बी-बियाणं, खत, मजुरी, सगळा पैसा घरातून बाहेर जातो. सोयाबीन विकलं जातं दिवाळीच्या आसपास. हप्ता मात्र बाराही महिने सारखाच. म्हणून आम्ही कर्ज देणाऱ्यांकडे अर्ज केला: पेरणीच्या महिन्यांत हप्ता कमी ठेवा, माल विकल्यावर जास्त घ्या. अर्ज मराठीत लिहिला, सगळ्यांनी सह्या केल्या, आणि एका प्रतीवर पोचही घेतली. साहेब म्हणाले, वर विचारून सांगतो.

त्याला आज पंधरा दिवस झाले. येत्या सोमवारी आम्ही बाराजणी विचारायला जाणार आहोत. सकाळी दहाला, पंक्चुअल. एसटी पंक्चर झाली नाही तर.