मोबाईलला विसावा



मोबाईल अधूनमधून बंद करून पुन्हा चालू करावा का? करावा. का, ते समजून घ्या.

घरात कोठी असते आणि ओटा असतो. फोनचेही तसेच आहे. फोटो, गाणी, नंबर कोठीत राहतात. चालू काम ओट्यावर होते. दिवसभर आपण एकामागून एक कामे काढतो. त्यातली काही तिथेच अडकून पडतात. ओटा भरतो, मग फोन रेंगाळतो. बंद करून चालू केला, की ओटा साफ होतो. कोठीतले काही जात नाही.

हे रोज करायला नको. आठवड्यातून एकदा पुरे. अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने २०२० साली हेच सांगितले. चोरून शिरलेले काही हेर-प्रोग्राम ओट्यावरच बसतात. ते यामुळे निघतात. सगळे मात्र निघत नाहीत.

फोन बंद करण्याआधी आपला पिन आठवून बघा. चालू होताना कुलूपबंद फोन पिन मागतो. नुसते बोट टेकवून भागत नाही.

कोठीच भरली असेल, तर नको ते फोटो काढा. बॅटरी झिजली असेल, तर ती बदला. आणि कुणी ओटीपी काढून घेऊन खात्यातले पैसे नेले, तर फोन बंद-चालू करत बसू नका. ते म्हणजे आग सोमेश्वरी अन् बंब रामेश्वरी! लगेच १९३० नंबर लावा, बँकेला कळवा. तिथे उशीर महाग पडतो.