गोदेचा कालवा : आधी घडा, मग नाव



आपल्या त्र्यंबकास उगम पावणारी गोदामाई आंध्र देशात समुद्रास मिळते. तेथे धवळेश्वरम् येथे आर्थर कॉटन यांच्या देखरेखीखाली १८४७ ते १८५२ या सालांत बंधारा झाला. त्याच्या कालव्यांनी भातशेती भिजविली आणि मालाच्या नावाही चालविल्या. दोन दरवाजांमधील हौदात पाणी भरले की नाव वर चढे, सोडले की उतरे. पुढे आगगाडी व मोटारीने माल ओढून नेला. २००८ साली सरकारने या कालव्यांना राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक ४ मध्ये घातले.

नावा पुन्हा चालाव्यात, हे आम्हांसही मान्य आहे. परंतु नावेला कालवा भरलेला लागतो आणि शेताला तेच पाणी बाहेर काढून हवे असते. मग पहिला हक्क कोणाचा? आम्ही म्हणतो, आधी पिण्याचा घडा, मग शेवटच्या टोकाचे शेत, मग व्यापाऱ्याची नाव. नदीतळ्यांचा गाळ शेतकऱ्यास फुकट नेऊ द्यावा, असे जोतीरावांनी १८८३ सालच्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात बजावले आहे. कालव्याच्या गाळासही तोच न्याय लावावा.

कालवे खणले कुदळ-पाटीवाल्यांनी, नावा घडविल्या सुतार-लोहारांनी. तेव्हा पाण्याच्या वाटणीत त्यांचा शब्द चाललाच पाहिजे!