शेअर तिच्या नावावर, हिशोब कोणाच्या हातात?

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सातबाऱ्यावर बाईचं नाव लागावं म्हणून आपण झगडत आलो. नाव लागलं तरी निर्णय तिच्या हातात येतोच असं नाही, हेही आपण पाहिलं. शेअरचं तसंच आहे. कितीतरी घरांत डीमॅट खातं बाईच्या नावावर असतं, व्यवहार मात्र नवरा, दीर नाहीतर मुलगा बघतो. मग नवरा जातो किंवा प्रकरण घटस्फोटापर्यंत येतं आणि प्रश्न निघतो, "हे शेअर घेतले कितीला?" तिला उत्तर ठाऊक नसेल तर नफा किती, कर किती, हे दुसराच कोणी सांगतो आणि तिला ते मानावं लागतं.

म्हणून आज थोडं गणित करू. भिशीचा हिशोब ठेवणारीला ते अवघड नाही.

समजा, २०१९ मध्ये एका कंपनीचे १०० शेअर २०० रुपयांनी घेतले आणि २०२१ मध्ये आणखी ५० शेअर ४०० रुपयांनी. २०२५ मध्ये त्यातले १२० शेअर ५०० रुपयांनी विकले. हातात आले ६०,०००. नफा किती? डीमॅट खात्यातल्या शेअरना नियम असा, की जे आधी आले ते आधी विकले गेले. म्हणजे पहिले १०० शेअर २०० च्या भावाचे आणि पुढचे २० शेअर ४०० च्या भावाचे. खरेदी किंमत २८,०००, नफा ३२,०००. सरासरी भाव धरला तर नफा २८,००० दिसतो, पण करासाठी तो चालत नाही. उरलेल्या ३० शेअरची किंमत १२,००० वहीत पुढे ओढायची.

दलाली खरेदी किमतीत धरायची. रोखे व्यवहार कर धरायचा नाही. आज मिळालेल्या बोनस शेअरची खरेदी किंमत शून्य. एका शेअरचे दोन झाले, तर किंमतही निम्मी-निम्मी वाटली जाते. ३१ जानेवारी २०१८ पर्यंत घेतलेल्या शेअरना त्या दिवशीच्या भावाची सवलत आहे, तेव्हा जुन्या शेअरसाठी तो भावही शोधून ठेवा.

बाजारातले शेअर वर्षाहून जास्त ठेवून विकले, तर २३ जुलै २०२४ पासून आर्थिक वर्षातल्या सव्वा लाखावरच्या नफ्यावर साडेबारा टक्के कर आहे. त्याआधी विकले तर २० टक्के.

आता आपल्या कामाचं. वारसाने आलेले शेअर "फुकट मिळाले, सगळा नफाच" असं बाईला सांगितलं जातं. ते चूक आहे. नवऱ्याने दिलेली किंमत हीच तिची खरेदी किंमत, आणि त्याने शेअर ठेवले तो काळही तिच्या हिशोबात धरला जातो. नवऱ्याने शेअर भेट दिले तरी किंमत त्याचीच धरतात. मात्र ते विकल्यावरचा नफा त्याच्या उत्पन्नात मोजला जातो. कर त्याच्या नावे लागला म्हणून मालकी त्याची होत नाही. भेट दिली म्हणजे दिली.

आणखी एक. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. शेअरच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हे स्पष्ट केलं. मृत्युपत्र न करता हिंदू पुरुष वारला, तर पत्नी, मुलगे, मुली आणि आई यांना समान वाटा आहे. दीर नॉमिनी असला म्हणून तिचा वाटा बुडत नाही.

तेव्हा एक साधी वही करा. तारीख, कंपनी, संख्या, भाव, दलाली, बोनस, विक्री असे रकाने पाडा. दलालाकडून येणारी प्रत्येक कॉन्ट्रॅक्ट नोट जपा, कारण खरेदीचा भाव तिच्यावर असतो. खात्याचा पासवर्ड आणि मोबाइल नंबर स्वतःचा ठेवा. आपल्या केंद्रावर मदत मागायला आलेल्या बाईला दागिने आणि घराबरोबर हेही विचारा, "तुझ्या नावावर शेअर आहेत का? त्यांचे कागद कोणाकडे आहेत?"